थोरल्या डोहावरची सांगड

जगन्नाथ परत आल्याला नऊ दिवस झाले, तरी त्याचा पाय अजून घराच्या उंबऱ्याला लागला नव्हता. तो घाटावरच्या छपरात राहत होता, जिथं भोयांची जाळी वाळत आणि फुटके डोंगे पडून राहत. सकाळ-संध्याकाळ तारा ताट घेऊन जायची, ताट खाली ठेवायची आणि जन्मात पहिल्यांदा दिसलेल्या बापाकडे बघत चार हात लांब बसायची. ताटात भाकरी वाढायची तारेची आई, द्वारकाबाईच. चटणीवर तेलही जरा सढळ असायचं. पण 'घरात या' एवढं काही तिच्या तोंडून निघत नव्हतं, आणि ती म्हणाल्याशिवाय त्याला आत घ्यायची थोरल्या भावाची, रखमाजीचीही टाप नव्हती.

बाईचं चुकत होतं असं कुणी म्हणू नये. मानमोडीच्या साथीच्या साली, तारा पोटात असताना, "जालन्याला जाऊन चार दिवसांत येतो" असं सांगून हा गृहस्थ गेला. जालन्याहून रेल्वेनं मनमाड, मनमाडहून मुंबई, आणि मुंबईहून आगबोटीवर कोळसा मारायला. चार दिवसांची तेरा वर्षं झाली. ना चिठ्ठी ना निरोप. रखमाजी दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या कऱ्यांमध्ये धाकट्या भावाच्या नावाचा एक करा भरायचा, आणि द्वारकाबाई तो उचलून त्यातलं पाणी पिण्याच्या माठात ओतायची. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. भावकीतल्या बायका पाठीमागं काय बोलत, ते तिला चांगलं माहीत होतं.

त्यातून जगन्नाथ जायच्या आधीपासूनच थापाड्या. तीर्थपुरीच्या बाजारातून मीठ घेऊन आला तरी त्याला वाटेत वाघ भेटलेला असायचा. आता तर तो साता समुद्रापलीकडून आलेला. त्यामुळे तो सांगत होता त्यातलं खरं किती, हे गंगामाईलाच, आपल्या गोदावरीलाच, ठाऊक.

दहाव्या दिवशी दुपारी छपरात चौघे बसले होते. जगन्नाथ, रखमाजी, रखमाजीचा थोरला रामकिसन आणि कमरोद्दीन पिंजारी. कमरोद्दीन भावकीतला नव्हता, पण जगन्नाथचा लहानपणापासूनचा सोबती, आणि भोयांच्या भांडणात पंच म्हणून त्यालाच बसवत, कारण तो दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या द्यायचा. छपराबाहेर द्वारकाबाई तारेला घेऊन अंबाडीचा दोर वळत होती. दोर घरीही वळता आला असता.

"दर्यात मासे धरतेत कसे, ते सांग," कमरोद्दीन म्हणाला. "इत्ता बडा पानी. जाळं टाकायचं कुठं, हे समजतं कैसा?"

"समजतच न्हाई," जगन्नाथ म्हणाला. "म्हून तं जावा बेटाकडचे लोक मासा हुडकीतच न्हाईत. त्यायला बोलावतेत."

रामकिसन हसला. त्याला हसायचं कारण होतं. थोरला डोह भोयांच्या सात घरांत पाळीनं वाटलेला, आणि जगन्नाथची पाळी तेरा वर्षं रामकिसनच मारत होता. काका घरात आला की पाळी गेली.

"हाका मारून बोलावतेत का, काका?"

"ऐकून तं घे. माझी बोट तिकडं गेल्ती तव्हा मला ताप भरला. बोटीवाल्यांनी मला बंदरात उतरवलं आन् निघून गेले. दीड वर्स म्या तिथल्या कोळ्यांच्या घरी काढलं. ते काय करतेत, बांबूचा ताफा बांधतेत. त्याच्या खाली लांब दोराला माडाच्या झावळ्या लटकून देतेत. बुडाला थोरला दगड. आन् ते सगळं नेऊन सोडतेत भर दर्यात, जिथून जमीन दिसत बी न्हाई. मंग घरी येऊन निवांत बसतेत."

"बसतेत?" रखमाजीनं विचारलं. इतका वेळ तो जाळ्याचं एक भोक शिवत होता. त्याचा हात थांबला.

"बसतेत, दादा. पंधरा दिस, महिना. मंग जाऊन बघतेत तं झावळ्यांच्या भवती मासेच मासे. वर बारके, त्यांच्या खाली थोरले, त्याच्या बी खाली माणसाएवढाले."

"खायला काय ठिवतेत तिथं?"

"काईच न्हाई."

"मंग मासा कामून येतो?"

"ते त्यान्ला बी ठाव न्हाई. म्या इचारलं. एक म्हनला, सावली पडते म्हून. दुसरा म्हनला, झावळ्यांवर शेवाळ धरतं, त्यापायी बारके येतेत आन् बारक्यापायी थोरले. एक म्हातारा व्हता, तो म्हनला, चौफेर नुसतं पानीच पानी असलं की माशाला बी एकटं वाटतं. कशाच्या तरी जवळ ऱ्हावं वाटतं."

रखमाजीनं सुई जाळ्यात तशीच खोवून ठेवली. साठीला आलेला हा माणूस पन्नास वर्षं मासे धरत होता, आणि मासा पळवून, पाणी बडवून, हाकून जाळ्यात घालायचा असतो, यापलीकडे त्याला दुसरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. बसून मासा येतो, हे त्याला पटत नव्हतं, आणि डोक्यातून जातही नव्हतं.

"थापा," रामकिसन म्हणाला. "माशाला एकटं वाटतं म्हणे. उद्या म्हनतान मासा पत्र धाडतो."

"तो मासा धाडंल," बाहेरून आवाज आला. "मानसानं तं धाडलं न्हाई."

द्वारकाबाई दारात येऊन उभी होती. नऊ दिवसांत नवऱ्याच्या कानावर पडलेलं तिचं हे पहिलं बोलणं. पदर पुढं ओढून, जगन्नाथकडे न बघता, ती थोरल्या दिराला उद्देशून बोलू लागली.

"दादा, त्यान्ला म्हनावं, हे इथं करून दाखवा. आपल्या डोहात. मला सोनं नगं, मोती नगं, बोटीच्या गप्पा नगं. आल्यापास्नं जे जे सांगून राह्यले त्यातली एक गोष्ट खरी निघाली तं घर त्यांचं हाये. न्हाई निघाली तं जालन्याची रेल्वे कुठून सुटते ते त्यान्ला चांगलं ठाव हाये."

"बाई, तो समिंदर, ही गंगा," रखमाजी म्हणाला.

"पानी दोन्हीकडं वलंच असतंय ना, दादा?"

कमरोद्दीननं मांडीवर थाप मारली. "बराबर बोली. आखितीच्या आदल्या दिवशी तुमची भावकी बसतेच ना घाटावर? उस दिन जाळं टाकू. आजपासून चौदा रोज. मी पंच. तोवर ताफ्याला कुनी हात लावायचा न्हाई. जगन्नाथ, मंजूर?"

जगन्नाथनं दाराकडे बघितलं. द्वारकाबाई निघून गेली होती.

"मंजूर," तो म्हणाला.

बांबूचा ताफा म्हणजे आपली सांगडच की, असं तारेच्या लगेच ध्यानात आलं. भोयांच्या घरी वाळलेल्या भोपळ्यांना काय तोटा. पूर आला की चार भोपळे बांबूच्या चौकटीला बांधायचे आणि त्यावर माणसं पलीकडे न्यायची, हे ती जन्मापासून बघत आलेली. माडाच्या झावळ्या जालन्याच्या मुलखात कुठून मिळणार, म्हणून जगन्नाथनं ओढ्याकाठच्या शिंदीच्या तोडल्या. शिंदीचे काटे बोटांत शिरले. तारेनं ते सुईनं काढून दिले, आणि त्या निमित्तानं चार हातांचं अंतर एका हातावर आलं.

"बाबा, तुमी त्या म्हाताऱ्याची बोली बोलत व्हता?"

'बाबा' ऐकून जगन्नाथचा हात जागच्या जागी राहिला. तारा मात्र उत्तराची वाट बघत होती.

"थोडी थोडी. आधी हातवारे करायचो."

"आन् मासा खरंच मानसाएवढा व्हता?"

जगन्नाथनं तोंड उघडलं. पूर्वीचा जगन्नाथ असता तर मासा हत्तीएवढा झाला असता. "तुझ्याएवढा व्हता," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "न्हाई. तुझ्या कमरेएवढा."

तारेला तो कमरेएवढा मासाच आवडला. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं भोपळ्याची गाठ आवळली आणि दोराला खालून बांधायला फुटक्या जात्याची तळी ओढत आणली.

सांगड डोहाच्या मध्यावर सोडली, जिथं उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी असतं. वर चार भोपळे, मधे बांबूची चौकट, आणि खाली पाण्यात शिंदीच्या झावळ्यांचा लांब झुबका. चैत्र-वैशाखात गंगेची धार तुटते आणि डोह तेवढे उरतात, त्यामुळे सांगड जागची हलली नाही. पहिल्या दिवशी बघायला अर्धा गाव घाटावर आला. दुसऱ्या दिवशी बायका धुणं घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. फक्त रखमाजी, काहीही काम नसताना, डोंगा तपासायला म्हणून चारदा उतरून गेला.

"काय दिसलं?" चौथ्यांदा परत आल्यावर तारेनं विचारलं.

"पानी," रखमाजी म्हणाला. "कडंच्या कपारीत मरळ बसलेली असती, ती कपार सोडून हितं कामून यील, हे मला उमजंना. तुझ्या बापाच्या दर्यात कपारी नसत्यात. तिथं मासा जाईल कुठं?" मग जरा थांबून म्हणाला, "पर एक बारकी मासोळी भोपळ्याखाली घिरट्या घालून राह्यली व्हती. सकाळी बी तीच व्हती. म्हंजे मला वाटतं, तीच व्हती."

सहाव्या दिवशी घात झाला. पाळी रामकिसनची होती, आणि भोयाची पाळी असली की तो काय करतो? डोंग्यात उभा राहतो आणि वल्ह्यानं पाणी बडवतो. मासा दचकून कपारीतून निघतो आणि काठाच्या जाळ्यात शिरतो. रामकिसनच्या बापानं, आज्यानं हेच केलं. त्यानंही तेच केलं, घाम निथळेपर्यंत केलं, आणि बडवत बडवत सांगडीला दोन वेढे घातले. डोहात जेवढं म्हणून काही जिवंत होतं ते सगळं पांगलं.

जगन्नाथ छपरातून धावत आला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "काय केलं रे हे," एवढंच तो म्हणाला.

"काय केलं? पाळी हाये माझी. सांगडीला हात लावायचा न्हाई, असं ठरल्तं. म्या हात लावला का? कमरूचाचाला इचारा."

हे त्यानं मुद्दाम केलं, असं घाटावरच्या सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मुद्दाम नव्हतं. पाणी न बडवता मासे धरता येतात, हेच त्याच्या गावी नव्हतं. पण झाल्यावर त्याला वाईटही वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

घाटावरच्या त्या भांडणात एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसताना घडली. रखमाजी पोराच्या विरुद्ध गेला.

"आजपास्नं आखितीपस्तोर डोहात कुनी वल्हं आपटायचं न्हाई," तो म्हणाला. "सातही घरांनी."

"बाबा, मंग खायाचं काय?"

"खालच्या डोहावर जा. बारका हाये पर हाये."

"त्यांच्यापायी? तेरा वर्सं घर कुनी चालवलं? म्या का त्यांनी?"

"तू चालवलंस, लेकरा. म्या कुठं न्हाई म्हनलं. पर मला बघायचंय," रखमाजी म्हणाला, आणि हे सांगताना म्हातारा चक्क लाजला. "मला बिलकुल खरं वाटत न्हाई, तरी बघायचंय. एवढं वय झालं, गंगेत नवं काई बघायला भेटंल असं वाटलं नव्हतं."

रामकिसन वल्हं टाकून निघून गेला. आठ दिवस उरले होते.

द्वारकाबाई हे सगळं वरच्या पायरीवरून बघत होती. त्या दिवसापासून धुणं जास्त मळू लागलं. कालच वाळलेलं लुगडंसुद्धा ती पुन्हा घाटावर आणायची आणि धोपटताना डोळा सांगडीवर ठेवायची. धोपटण्याचा आवाज डोहात जातो, हे ध्यानात आल्यावर तिनं धोपटणंही सोडलं आणि लुगडं नुसतं पाण्यात बुडवून चुबकू लागली.

तिला चीड येत होती. नवऱ्याची यायची, पण त्याहून स्वतःची. अट तिनं घातली होती. ती अशा माणसाला घातली, ज्यानं आयुष्यात एक गोष्ट धड खरी सांगितली नव्हती, आणि आता ती अट पुरी व्हावी म्हणून जीव तिचाच टांगणीला लागलेला. 'येत न्हाई तर न येवो, तेरा वर्सं कुणावाचून अडलं?' असं ती मनाशी म्हणायची, आणि पुढच्या क्षणी कमरेत वाकून पाण्यात बघायची. तिला तो घरात हवा होता. पुरा हवा होता, थापांसकट. हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नसतं.

आखितीला चार दिवस उरले, त्या दिवशी टळटळीत दुपारी घाटावर चिटपाखरू नव्हतं. ती पोहत सांगडीपर्यंत गेली. भोयाची लेक, तिला काय पोहायचं नवल. झावळ्यांवर हिरवट बुळबुळीत थर धरला होता, तो तिनं बोटानं चाचपून बघितला. भोपळ्यांच्या सावलीत बोटाएवढाल्या दहा-वीस मासोळ्या होत्या. तेवढ्याच. तिनं श्वास कोंडून बुडी मारली, झावळ्यांच्या खाली जाऊन बघितलं. खाली हिरवं पाणी आणि जात्याचा दोर. मोठा मासा एकही नाही.

दहा-वीस मासोळ्या दाखवून भावकी ऐकणार होती का? रामकिसन तर हसून लोळला असता. ती काठावर येऊन निथळत बसली आणि तिनं ठरवलं ते फार वेळ विचार करून ठरवलं नाही. घरी जाऊन गाईपुढची करडीची पेंड घेतली, जुन्या लुगड्याचं फडकं फाडलं, त्यात पेंड बांधली आणि परत जाऊन झावळ्यांच्या पोटात गच्च आवळून टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी एक पुरचुंडी. तिसऱ्या दिवशी तिला जावं लागलं नाही. काठावरूनच दिसलं, सांगडीभोवतीचं पाणी आतून हलत होतं.

आखितीच्या आदल्या दिवशी सकाळीच भावकी घाटावर जमली. सात घरांची माणसं, बायका वरच्या पायऱ्यांवर, पंच म्हणून कमरोद्दीन फेटा बांधून मधोमध. सांगडीकडे डोंगा नेताना रखमाजीनं वल्हं इतकं हळू मारलं, की त्याच्या पोरांनी बापाला असं कधी बघितलं नव्हतं. त्यानं आणि जगन्नाथनं सांगडीभोवती जाळ्याचा वेढा घातला, आणि दोन्ही टोकं काठावरच्या माणसांनी धरून सावकाश ओढली. सांगडही जाळ्याबरोबर काठाला आली.

जाळं जड लागलं, तसं ओढणाऱ्यांचं बोलणं बंद झालं. मग पाणी फुटलं. हातभर लांब रोहू, दोन काळ्या मरळी, एक जाडजूड वाम आणि मोजता येणार नाहीत इतके मधले. एका जागी, एका ओढीत, न बडवता.

रखमाजी गुडघाभर चिखलात बसला. "आले," तो म्हणाला. "कामून आले ठाव न्हाई, पर आले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. वरच्या पायऱ्यांवर बायका बोलू लागल्या. कमरोद्दीन फेटा सारखा करत म्हणाला, "चला, फैसला सोपा झाला."

जगन्नाथचं लक्ष माशांकडे नव्हतं. मरळ आणि वाम मोकळ्या पाण्यात झावळ्यांखाली? मरळ कपार सोडत नाही, हे रखमाजी सांगतच होता, आणि वाम तर चिखल सोडत नाही. तो वाकला, झावळ्यांच्या झुबक्यात हात घातला आणि आत काहीतरी मऊ लागलं तसा थबकला. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. त्यानं ती नाकाजवळ नेली. मग त्यानं वरच्या पायऱ्यांकडे बघितलं.

ताराही तिथंच उभी होती. बापाचा चेहरा उतरलेला तिनं बघितला आणि तिला काही कळेना. सगळं तर झालं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं.

"कमरू," जगन्नाथ म्हणाला, "फैसला करू नगंस. मासे सांगडीला आले न्हाईत. पेंडीला आले. आत पेंड बांधल्याली हाये."

"कुनी बांधली?" रखमाजी उठून उभा राहिला.

"मला ठाव न्हाई. वर शेवाळावर ती बारकी मासोळी हाये ना, ती सांगडीची. ती आधीपास्नंच व्हती, म्या बघितली व्हती. थोरले पेंडीचे हायेत. तेवढं धरू नगा."

"ठाव न्हाई कसं?" रामकिसन पुढं आला. "तुमीच बांधली. आन् आता कुनीतरी हुडकून काढील म्हून आधीच साधूपना करून राह्यले. दाखवा की मुठीत काय हाये."

"काई न्हाई."

"बगा. अजून बी लबाडीच. मूठ उघडा ना, काका."

जगन्नाथनं मूठ उघडली नाही, उलट जास्तच आवळली. भावकीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, तेरा वर्षांत काही फरक नाही. कुणी म्हणालं, याला गावात ठेवू नये. रखमाजी धाकट्या भावाकडे बघत होता आणि त्याला ना धड रागवता येत होतं, ना त्याची बाजू घेता येत होती. कमरोद्दीननं खाली बघितलं. पंचाला खोटं दिसलं की काय निकाल द्यायचा असतो ते त्याला माहीत होतं, आणि तो त्याला द्यायचा नव्हता.

द्वारकाबाई पायऱ्या उतरून खाली आली. पाच-सहा पायऱ्या होत्या, पण बायामाणसांनी भावकीच्या बैठकीत उतरायचं नसतं, म्हणून सगळे बाजूला होत गेले.

"मूठ उघडा," ती म्हणाली. या वेळी थोरल्या दिराला नाही, थेट नवऱ्याला.

"राहू दे."

"उघडा म्हनते ना."

त्यानं मूठ उघडली. भिजलेल्या पेंडीचा लगदा आणि त्याभोवती हिरव्या लुगड्याचं फडकं. लाल काठाचं ते लुगडं द्वारकाबाईनं किती वर्षं नेसलं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. जगन्नाथलाही माहीत होतं. तो गेला त्या दिवशी तिच्या अंगावर तेच होतं.

"पेंड म्या बांधली," द्वारकाबाई म्हणाली. "दोनदा. यान्ला ठाव नव्हतं. रामकिसन, यान्ला बोलू नगंस. काय बोलायचं ते मला बोल."

रामकिसन दोन पावलं मागं सरला. तेरा वर्षं याच काकूनं त्याला गरम भाकरी वाढली होती.

"बाई," रखमाजी म्हणाला, "अट तं तुमचीच व्हती."

"व्हय. माझीच. मीच घातली आन् मीच मोडली." तिनं पदर खोचला. "मला ह्ये घरात पायजे व्हते, दादा. बारकी मासोळी बघून तुमी कुनी ऐकलं नसतं. म्या बी ऐकलं नसतं. म्हून बांधली."

कमरोद्दीननं घसा साफ केला. "मग पंचानं काय करायचं, द्वारकाबाई? सांगडीचं खरं का खोटं, ये तो समझाच नहीं."

"न्हाईच समजलं. आजून बघायचंच ऱ्हायलंय." तिनं वाकून झावळ्यांतली पेंड दोन्ही हातांनी ओरबाडून काढली आणि पाण्यात झावळ्या खळखळून धुतल्या. "दादा, ही परत सोडा. पेंडीबिगर. येनाऱ्या पावसापस्तोर बगू."

"सोडू," रखमाजी लगेच म्हणाला. कुणी विचारायच्या आत त्यानं एक भोपळा उचललाही.

जगन्नाथ तसाच उभा होता, हातात फडकं घेऊन. "पावसापस्तोर मी छपरात ऱ्हातो," तो म्हणाला. "आन् मासे आलेच न्हाईत तं?"

द्वारकाबाईनं हात लुगड्याला पुसले. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"छपरात कामून? घरात या. आन् मासे न्हाई आले तं 'न्हाई आले' म्हून मला येऊन सांगा," ती म्हणाली. "तेवढं सांगितलं तरी बास हाये."